दुपारचे पाच तास

दाराला बेल होती, पण ती मुकी होती. तिच्यामागची तार थोरल्या मुलाने स्वतःच्या हाताने तोडून टाकली होती. नवखा माणूस आधी बटण दाबी, वाट पाही, पुन्हा दाबी आणि शेवटी ओशाळून कडी वाजवी. नातवाच्या तीनचाकी सायकलच्या घंटीत कापूस कोंबलेला होता. घरातले फोन वाजत नसत, नुसते थरथरत. बाबा गेल्यापासून आईला घंटीचा आवाज सोसत नव्हता, म्हणून एवढा बंदोबस्त. तरीही ती जे ऐकायचे ते ऐकतच असे.

"वाजली का गं?" दुपारची जेवणे आटोपून घर सुस्तावले, की ती जवळ असेल त्या लेकीला-सुनेला विचारी.

"नाही गं आई. पड जरा."

"पडते," असे म्हणून ती खुर्चीत ताठ बसून राही, ती दिवेलागणीपर्यंत. हीच बाई पूर्वी दुपारी अशी गाढ झोपे की बाबा शेजाऱ्यांना सांगत, "आमच्याकडे चोराने दुपारी यावं, रात्री मी जागा असतो." आता तिला दुपारी झोपणे हा गुन्हा वाटे. घरातल्यांनी समजावून पाहिले, रागावून पाहिले, डॉक्टरांकडून गोळ्या आणून पाहिल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

धाकट्या लेकीला हे रोज पाहावे लागत नसे. ती मोठ्या इस्पितळाच्या संगणक विभागात नोकरीला होती. पण सुटीच्या दिवशी आईसमोर बसले, की तिचेही कान नकळत टवकारत, आणि मग स्वतःचाच राग येई.

बाबा त्याच इस्पितळात गेले होते. तिथल्या नोकरदारांच्या आईवडिलांना स्वतंत्र खोली मिळे, म्हणून तिनेच हट्टाने त्यांना तिथे नेले होते. रजा काढून रात्री ती उशाशी बसे, दिवसा आई बसे. त्या दिवशी बाबांचा चेहरा बरा दिसत होता. जेवले आणि आईला म्हणाले, "जा, घरी जाऊन अंग धू, पाठ टेक जरा. आपल्या दोघांत पेशंट कोण ते कळेनासं झालंय." आई घरी आली आणि खरोखरच झोपली. संध्याकाळी परत गेली, तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

पुढे थोरल्याने तक्रार केली, चौकशी बसली आणि एक छापील कागद पुढे आला. तिथे प्रत्येक पलंगाशी बेल असे. ती दाबली की दारावरचा दिवा लागे. सिस्टर येऊन भिंतीवरचे बटण दाबी तेव्हा तो विझे. दोन्ही वेळा संगणकातला प्रोग्रॅम आपोआप टिपून ठेवी. कागद सांगत होता, की बाबांनी बेल दाबली दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे आई जिना उतरली असेल नसेल तेव्हा. आणि सिस्टर खोलीत गेली संध्याकाळी सहाच्या सुमारास. मध्ये पाच तास.

सिस्टर एकच गोष्ट सांगत राहिली. "चारला मी त्यांना गोळी दिली. दिवा लागलेला नव्हता. ते बोलले माझ्याशी." गोळीची नोंद तिच्या अक्षरात होतीही. पण चौकशीचे अध्यक्ष म्हणाले, "हातानं मागाहूनही लिहिता येतं. मशीनला कुणाशी वैर नाही आणि कुणाची भीड नाही." सिस्टरची नोकरी गेली.

थोरल्याला वाटले, न्याय झाला. आईच्या पदरात मात्र ते पाच तास पडले.

याला काही वर्षे लोटली होती. इस्पितळाचा प्रोग्रॅम संगणकाच्या ज्या भाषेत लिहिलेला होता, तिची नवी आवृत्ती आली होती आणि प्रोग्रॅम तिच्यावर नेण्याचे काम धाकटीकडे आले होते. अशा भाषेबरोबर तयार फंक्शनांचा, म्हणजे ठरावीक कामे करून देणाऱ्या छोट्या तुकड्यांचा, एक साठा येतो. त्यातले एखादे फंक्शन निकामी किंवा धोक्याचे ठरले, तर ते लगेच काढून टाकत नाहीत. आधी ते वापरणाऱ्याला ताकीद मिळते: हे कालबाह्य झाले आहे, पुढच्या आवृत्तीत असणार नाही. काम चालूच राहते, ताकीद येतच राहते, आणि दुसऱ्या खोलीतल्या खोकल्याची सवय व्हावी तशी लोकांना तिची सवय होते. मग एक दिवस ती आवृत्ती येते आणि ते फंक्शन खरोखरच नसते.

विभागाचे प्रमुख पूर्वी कॉलेजात शिकवीत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. धाकटीला हे काम त्यांनीच बोट धरून शिकवले होते.

"ताकिदी किती राहिल्या?" त्यांनी सकाळी तिच्या टेबलापाशी थांबून विचारले.

"मोजू नका मास्तर. सासूच्या टोमण्यांसारख्या आहेत. एकीला उत्तर दिलं की तीन निघतात."

"इतकी वर्षं तर एकही दिसत नव्हती."

"दिसणार कशी? सगळ्यांत वर तुम्ही एक ओळ लिहून ठेवली होती, ताकिदी दाखवू नयेत म्हणून. ती मी काल काढली."

"अगं, माणसाला झोप लागली पाहिजे," मास्तर हसून म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

उरलेल्यांतल्या बहुतेक ताकिदी वेळ सांगणाऱ्या एका फंक्शनबद्दल होत्या. हे जुने फंक्शन जगाच्या प्रमाण घड्याळाची वेळ देई, पण ती वेळ कुठली हे सांगत नसे. त्या देशातली वेळ जगाच्या वेळेपेक्षा नेमकी पाच तास पुढे, भारतासारखी साडेपाच नव्हे. म्हणून प्रोग्रॅम नोंद करताना जगाची वेळ लिही आणि पडद्यावर दाखवताना तीत पाच तास मिळवी. नवे फंक्शन थेट इथलीच वेळ देई, तिच्या ओळखीसह. प्रयोगशाळा आणि औषधभांडार अजून जुन्यावरच होते. बेलची व्यवस्था तेवढी मास्तरांनी मागेच नव्यावर नेली होती. त्यांनी ते कसे केले ते पाहावे आणि तसेच करावे, म्हणून धाकटीने बेलच्या फाइलींचा इतिहास उघडला. कुठली ओळ कोणी, केव्हा बदलली, हे तिथे सगळे जपलेले असते.

आधी तिला काहीच वावगे दिसले नाही. नमुन्यासाठी तिने त्या बदलाच्या दिवसाच्या नोंदी काढल्या आणि एका ओळीवर तिची नजर अडली. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत दुपारी बेल वाजली होती. त्या खोलीत पेशंट दाखल झाला होता तो संध्याकाळी. रिकाम्या खोलीतून, मोकळ्या पलंगावरून कोणीतरी सिस्टरला हाक मारली होती.

तिच्या मानेवरून काहीतरी गार सरकले. मग ती स्वतःशीच हसली. यंत्रात भूत नसते, चूक असते. तिने मजल्यावरच्या बाकीच्या खोल्या काढल्या. त्या दुपारी त्या मजल्यावर ज्याने ज्याने बेल दाबली, त्या प्रत्येकाने पाच तास वाट पाहिली होती. कोणी चार नाही, कोणी सहा नाही. एका रांगेत सगळ्या दारांवर दिवे लागलेले आणि सगळी माणसे एकाच मापाची वाट पाहत पडलेली. शेवटची ओळ कोपऱ्यातल्या खोलीची होती. त्या खोलीतल्या खुर्चीचा डावा हात सैल होता, हे तिला पडद्याकडे पाहता पाहता आठवले. तेव्हा कुठे तिने तारीख पाहिली.

ती उठून खिडकीशी गेली. खाली आवारात रुग्णवाहिका धूत होते. पाण्याचा लोट चाकांखालून वाहत होता आणि धुणारा माणूस शीळ घालत होता. ती परत येऊन बसली आणि एकेक ओळ पुन्हा वाचू लागली.

बदल तीन ठिकाणी करायला हवा होता: बेल टिपणारी फाइल, सिस्टरचे येणे टिपणारी फाइल आणि वेळ पडद्यावर दाखवणारी फाइल. मास्तरांनी त्या दिवशी बाराच्या सुमारास जुन्या सगळ्या नोंदी पाच तास पुढे सरकवून घेतल्या, सिस्टरच्या फाइलीत नवे फंक्शन घातले आणि पडद्यावर पाच तास मिळवणे बंद केले. बेलची फाइल राहिली. ती त्यांनी त्याच दिवशी दिवेलागणीला बदलली. मधल्या दुपारी बेल जगाच्या घड्याळावर वाजत राहिली आणि सिस्टर इथल्या घड्याळावर चालत राहिली.

बाबांनी बेल दाबली ती सहाला. सिस्टर गेली तीही सहाला. मध्ये होती फार तर दोन-तीन मिनिटे.

तिने मास्तरांना बोलावले आणि काही न सांगता खुर्ची दिली. त्यांनी वाचले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचले.

"हे मी केलंय," ते म्हणाले.

"हो."

"दोघांनी मिळून करायचं ठरलं होतं. तू रजेवर गेलीस. वरून घाई होती. संध्याकाळी आकडे विचित्र दिसले, म्हणून तिसरी फाइल बदलली. म्हटलं, झालं."

"आणि दुपारच्या नोंदी?"

"त्या तशाच राहिल्या. एका दुपारच्या नोंदी कोण बघणार, असं वाटलं असेल. वाटलं असेल म्हणतो, कारण मला आठवत नाही."

"चौकशीत तुम्हाला कुणी विचारलं नाही?"

"विचारलं. प्रोग्रॅम नीट चालतो का, म्हणून विचारलं. मी सांगितलं, चालतो. तेव्हा चालतच होता गं. कागद मला कुणी दाखवला नाही. आणि मीही मागितला नाही."

बाहेर कोणाची तरी चाकाची खुर्ची कुरकुरत गेली.

"नवी आवृत्ती चढली, नोंदी नव्या जागी गेल्या, की हे कुणाला शोधूनही सापडायचं नाही," मास्तर म्हणाले. हा इशारा होता की विनवणी, हे धाकटीला कळले नाही. बहुधा त्यांनाही ठरवता आले नसावे. मग त्यांनी तिचा कीबोर्ड आपल्याकडे ओढला. "सरक. वर मी कळवतो. तू लिहिलंस तर म्हणतील, बापासाठी लिहिते आहे."

घरी तिने आधी थोरल्याला सांगितले. तो स्वयंपाकघरात भांडी पुसत उभा होता. हातातले ताट तसेच राहिले.

"म्हणजे मी एका निर्दोष बाईची भाकरी काढून घेतली?"

"कागद तसाच होता, दादा."

"कागद तुमच्याच खात्याचा होता ना? मग तेव्हा कुठे होती तुझी विद्या?"

तिने ते ताट त्याच्या हातातून घेऊन फळीवर ठेवले. "आईला कोण सांगणार?" त्याने हळू आवाजात विचारले, आणि लहानपणी फुटलेल्या बरणीसाठी दोघे जसे जात, तसे ते दोघे बरोबरच बाहेरच्या खोलीत गेले.

आईने सगळे ऐकले. तिला समजावे म्हणून धाकटीने घरातल्या दोन घड्याळांचा दाखला दिला. एक मागे, एक बरोबर, आणि कोणी बेल एकात पाहिली, पावले दुसऱ्यात.

"मग त्यांनी बेल दाबली कधी?"

"तू परत पोचायच्या थोडी आधी. सिस्टर लगेच धावली. आई, त्यांनी वाट पाहिली नाही. तू झोपली होतीस तेव्हा ते बरे होते."

दोघे तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. ती रडेल, हात जोडेल, निदान खुर्चीची पाठ टेकेल, असे त्यांना वाटत होते. तिने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले आणि सोडले.

"म्हणजे चारला ते बोलले होते," ती म्हणाली.

"कोण?"

"हे. ती सांगत होती ना, बोलले माझ्याशी म्हणून. मी कान झाकून घेतले होते रे. मला वाटलं, पोट वाचवायला खोटं बोलते आहे." तिचा आवाज चिरकला. "शेवटचं ते तिच्याशी बोललेत. आणि आपण तिला हाकलून दिलं. काय बोलले ते विचारलंसुद्धा नाही."

सिस्टरचा पत्ता मास्तरांनी काढून दिला. त्यांनाही यायचे होते. पण धाकटीने म्हटले, तुम्ही वेगळे जा, तुमचे वेगळे आहे. थोरला कोपऱ्यापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. "मला बघून ती दार लावून घेईल," तो म्हणाला, आणि ते खरे असावे.

सिस्टर आता एका बेकरीत खोक्यांत पाव भरण्याचे काम करी. मागच्या अंगणात, रिकाम्या खोक्यांच्या थप्पीशेजारी ती त्यांना भेटली. कोपरांपर्यंत पीठ लागलेले. आईला ओळखताच तिचे हात पोटाशी आले.

"आता काय हवंय?" ती म्हणाली. "आता माझ्याकडे काढून घ्यायला काही राहिलं नाही, बाई."

"ऐकून घ्या फक्त," धाकटी म्हणाली आणि तिने सांगितले. फाइली, फंक्शन हे शब्द टाळून, सावकाश. संपल्यावर सिस्टरने हातांकडे पाहिले आणि ते पदराला पुसले. ते होते तसेच पांढरे राहिले.

"म्हणजे दिवा लागला नव्हता?"

"नव्हता. चारला नव्हता. सहाला लागला आणि तुम्ही लगेच गेलात."

आई पुढे झाली. "सिस्टर, तुझे पाय धरले तरी कमीच आहेत. पण एक सांग. चारला ते काय बोलले गं?"

सिस्टर तिच्याकडे पाहत राहिली.

"मला आठवत नाही."

"राग आहे तुझा. असणारच. तू—"

"राग नाही हो. खरंच नाही आठवत." ती खोक्यावर बसली. "किती वेळा विचारलं त्यांनी मला. दर वेळी तो कागद पुढे ठेवायचे. घरी नवरा म्हणाला, अगं, आदल्या दिवशीचं तुला त्या दिवशीचं वाटत असेल. मी डोळे मिटून ती खोली उघडून बघायची. आधी ते दिसायचे, पलंगावर बसलेले, हातात पेला. मग पेला दिसेना. मग ते बोलायचे, पण आवाज येईना. आणि पुढे तर..." तिने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "पुढे मी मलाच दिसायला लागले. बाहेर बाकावर बसले आहे, दारावर दिवा लागला आहे, आणि मी मान वर करत नाही. हे असं कुणी सांगितलं नव्हतं मला. माझं मीच बघितलं. रोज बघते."

अंगणात भाजलेल्या पिठाचा दाट, गोड वास कोंडला होता. यंत्रातली चूक धाकटीने ओळीपर्यंत जाऊन शोधून काढली होती, पण ही चूक कुठे जाऊन शोधायची? या बाईच्या डोक्यात ती दुपार कोणी बदलली, केव्हा बदलली, याचा इतिहास कुठेच जपलेला नव्हता.

आई मात्र तिच्या शेजारच्या खोक्यावर बसली. ज्यासाठी आली होती ते इथे नाही, हे तिला कळले होते. तिचे खांदे त्या एका क्षणात खाली आले होते. पण तिने सिस्टरचा पिठाचा हात आपल्या हातात घेतला.

"तू गेली होतीस," आई म्हणाली.

सिस्टरने मान हलवली, हो की नाही ते कळणार नाही अशी.

"तू आत गेलीस. ते उठून बसले. गोळी ते आधी तळहातावर घेऊन बघायचे, माणिकमोती असल्यासारखी. पाणी कोमट लागायचं. गार दिलंस तर चेहरा वाकडा करायचे."

"कोमटच दिलं होतं," सिस्टर पुटपुटली, आणि मग घाबरून म्हणाली, "म्हणजे दिलं असेल."

"आणि रोज म्हणायचे, ही कालच्यापेक्षा मोठी दिसते."

भट्टीची झडप आत कुठेतरी आपटली. "घोड्याची," सिस्टर हळूच म्हणाली. "घोड्याची गोळी माणसाला देता काय... असं कुणीतरी म्हणालं होतं. ते होते का?"

हे बाबांचे बोलणे वाटत होते. पण तसे ते कोणाचेही असू शकत होते. धाकटीने आईकडे पाहिले. आईने ते वाक्य बाबांच्या तोंडून कधी ऐकले होते की नाही, तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"तेच," आई म्हणाली.

"नक्की?"

"दुसरं कोण म्हणणार?"

बेकरीच्या दारातून कोणीतरी ओरडले, "मावशी, खोकी!" सिस्टर उठली नाही. ती धाकटीकडे वळली. तिच्या डोळ्यांत आशा नव्हती, नुसती तहान होती.

"ताई, ते दिव्याचं," ती म्हणाली, "ते परत सांगा. हळू सांगा. मी बाकावर बसले होते, तिथपासून."

धाकटीने घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.